पावसाळ्यातले महाबळेश्वर

हिंदुस्थानातील गिरिस्थानांचा इतिहास बहुधा उन्हाळ्याचाच इतिहास असतो. तो लिहिणारी माणसे चैत्रात डोंगर चढत आणि मृगाचा पाऊस लागला की उतरत. साहजिकच उरलेल्या महिन्यांत त्या गावी काय चालत असे, याची वास्त त्यांनी फारशी केली नाही. महाबळेश्वरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

कर्नल लॉडविक 1824 मध्ये या पठारावर चढला, हा प्रसंग पुष्कळदा ‘शोध’ म्हणून सांगितला जातो. परंतु कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री यांच्या उगमाचे हे क्षेत्र यात्रेकरूंना कित्येक शतके ठाऊक होते. 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी वाईकडील खंडाळा गाव घेऊन ही जागा इंग्रजांना दिली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाची माल्कम पेठ क्षेत्रापासून थोड्या अंतरावर उभी राहिली. नवी पेठ आणि जुने क्षेत्र यांच्यातील हे अंतर केवळ मैलांचे नव्हते.

पेठेला दोन पंचांगे होती. एक हंगामाचे : गव्हर्नर, त्यांचा परिवार, मुंबईचे व्यापारी, त्यांच्यामागून आलेले वाणी आणि हमाल. दुसरे पावसाचे. वर्षाकाठी सुमारे अडीचशे इंच पाऊस पडणाऱ्या ठिकाणी जांभ्या दगडाची भिंतही उघडी ठेवून चालत नाही. जूनपूर्वी घरांना गवताच्या जाड तट्ट्या बांधून अंगरख्यासारखे झाकून घ्यावे लागे. मग आतल्या अंधारात धूर, ओल आणि साठवलेले धान्य यांच्या सोबतीने माणसे दिवस काढीत. उतारावर नाचणी, वरी, सावा पिके. जंगलातून हिरडा आणि मध मिळे. या सक्तीच्या घरबंदीचे वर्णन करणारा दरबारी लेखक झाला नाही. सरकारी नोंदींत पावसाळ्याच्या वाट्याला प्रामुख्याने इंचांचे आकडे आले.

या पेठेच्या रोजच्या जेवणावर सर्वांत खोल ठसा उमटविला तो बंदिवानांनी. 1830 नंतरच्या दशकात येथे तुरुंग बांधण्यात आला आणि आग्नेय आशियातील इंग्रजी वसाहतींतून शिक्षा झालेले चिनी व मलायी कैदी तेथे ठेवण्यात आले. रस्त्यांची कामे त्यांच्याकडून करून घेतली जात. शिवाय ते भाजीपाला पिकवीत, बटाटे लावीत आणि वेताच्या टोपल्या विणीत. आसपासच्या शेतकऱ्यांनी बटाट्याची लागवड त्यांच्यापासून उचलली. 1864 मध्ये तुरुंग मोडला. बटाटा मात्र राहिला. समुद्रापलीकडून शिक्षा भोगण्यासाठी आणलेल्या माणसाचे शेतीचे ज्ञान एखाद्या सह्याद्रीतल्या कुळवाड्याच्या अंगवळणी पडावे, ही घटना मोठ्या राजकीय उलथापालथींइतकीच ऐतिहासिक आहे. पण तिला ना शिलालेख, ना स्मारक. याच गावी 1831 मध्ये वारलेल्या सर सिडनी बेकविथ यांचा स्तंभ मात्र उभा आहे.

धावडांची हकीकत याहून कठोर. जांभ्यातील लोहयुक्त दगड कोळशाच्या भट्टीत वितळवून लोखंड काढणारे हे लोक इंग्रजांच्या आधीपासून या डोंगरात राहत होते. त्यांची भट्टी जंगलावर जगे. पेठेचे हवामान राखायचे तर झाडी राखली पाहिजे, अशी शासनाची धारणा झाली. वनसंरक्षण सुरू झाले आणि कोळसा पाडणे अवघड झाले. कुमरी शेतीवरही तीच कुऱ्हाड आली. यात वनांचे हित नव्हते असे म्हणता येणार नाही. सह्याद्रीचे माथे बोडके होण्याची भीती खरी होती. परंतु बंगल्यांसाठी वृक्ष पडले, तेव्हा त्याला वसाहत म्हटले गेले आणि भट्टीसाठी पडले, तेव्हा नासाडी. शब्दांच्या या वाटणीत धावडांचा धंदा संपला. काहींनी शेती धरली, काही मजुरीला लागले.

स्थलनामांत हीच वाटणी दिसते. कड्यांना आर्थर, लॉडविक, एल्फिन्स्टन ही नावे मिळाली. ज्यांनी त्या कड्यांपर्यंत वाटा फोडल्या, त्यांची नावे कोणत्याही कड्यावर नाहीत. 1842 मध्ये सातारकर अप्पासाहेब महाराजांनी बांधविलेल्या तलावाने तेवढे वेण्णेचे जुने नाव राखले. 1876 मध्ये फिट्झजेराल्ड घाट उघडल्यावर कोकणातील मालगाड्या थेट वर येऊ लागल्या. त्याही पाऊस लागेपर्यंतच सुखाने चालत. पुढचे महिने घाट ढगात असे, आणि पेठेत तट्ट्यांआड चुली पेटत.