प्रकाशाची वाट अडते कुठे?

मुंबईहून न्यूयॉर्कला फोन लावला की आपला आवाज उपग्रहावरून जातो, असं अनेकांना वाटतं. खरं तर तो बहुधा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या, केसाएवढ्या बारीक काचतंतूतून प्रकाशाच्या रूपानं जातो. या तंतूंची क्षमता एवढी वाढली, कारण संशोधक एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले: वाट नेमकी अडते कुठे?

१९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लो इथं चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी तो विचारला. तेव्हाच्या काचेत वीस मीटरवरच प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरायचा. काओंचं म्हणणं असं, की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या लोहासारख्या अशुद्ध द्रव्यांचा आहे. एक किलोमीटरनंतर शंभरावा हिस्सा उरला, तरी दूरध्वनीचं काम भागेल. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १९७० मध्ये ही मर्यादा ओलांडून दाखवली. १९७९ मध्ये जपानी संशोधकांच्या तंतूनं तर कमालच केली. तोच शंभरावा हिस्सा आता शंभर किलोमीटरनंतर उरणार होता! काओंना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

१९८८ मध्ये अटलांटिकखालून पहिली काचतंतूची केबल सुरू झाली. एका वेळी सुमारे ४० हजार संभाषणं! पण क्षीण झालेला प्रकाश ठरावीक अंतरावर विजेत बदलायचा, सशक्त करायचा आणि पुन्हा प्रकाशात आणायचा, हा खटाटोप होताच. एकाच तंतूतून प्रकाशाचे अनेक 'रंग', म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबी, पाठवायच्या तर प्रत्येकीला वेगळं यंत्र हवं. हा अडथळा साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच हेरला होता. काचेत एर्बियम हे मूलद्रव्य अल्प प्रमाणात मिसळलं, की प्रकाश प्रकाशच राहून सशक्त होतो, आणि तोही अनेक रंगांत एकदमच. पुढच्या दशकात हे तंत्र समुद्रातल्या केबलमध्ये आलं. एका पायवाटेचा अनेकपदरी महामार्ग झाला.

मात्र तिसरा अडथळा काचेत नव्हता, नकाशावर होता. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत इंटरनेट रेंगाळलं. दोन्ही केबल क्षमतेनं मोठ्या होत्या, पण एकाच चिंचोळ्या वाटेनं जात होत्या. महामार्ग जितका रुंद, तितकी तो बंद पडल्यावरची कोंडी मोठी.

म्हणून जाळं आखताना आज दोन हिशेब मांडावे लागतात. तंतूतून किती माहिती जाईल, हा एक. तो तुटला तर ती कुठून वळवायची, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. दुसऱ्यासाठी दूरच्या, वेगळ्या वाटेनं आणखी एक केबल टाकावी लागते, आणि तिचा खर्च संकट येण्याआधीच करावा लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)