बालकांच्या मेरुरज्जूतील जन्मजात दोष व एम.आर.आय. तपासणी

नवजात बालकाच्या कमरेवर मधोमध केसांचा झुपका, मऊ गाठ वा लालसर डाग दिसल्यास ती जन्मखूण समजून सोडून देऊ नये. त्वचा व मेरुरज्जू ही दोन्ही गर्भाच्या एकाच थरातून घडतात. म्हणून आतील दोषाची खूण पुष्कळदा बाहेर उमटते. (गुदद्वारालगतची लहान, उथळ खळी मात्र बहुधा निरुपद्रवी असते.)

मेरुरज्जू साधारणतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तो चरबीने वा जाड तंतूने खाली जखडलेला असल्यास मूल वाढताना ताणला जातो. मग पाय अशक्त होतो, पाऊल वाकडे पडते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागते. गेलेली शक्ती शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परत येईलच असे नाही. म्हणूनच लक्षणांची वाट न पाहता निदान करणे इष्ट होय.

सुमारे चार महिन्यांपर्यंत मणक्यांच्या मागील कमानी पूर्ण हाडाच्या झालेल्या नसल्याने सोनोग्राफीने प्राथमिक अंदाज येतो. निश्चित निदान एम.आर.आय.नेच होते. त्यात क्ष-किरण नसतात. टी-१ चित्रात चरबी पांढरी दिसते, तर टी-२ चित्रात पाण्यासारखा द्रव उजळतो व रज्जूतील पोकळी कळते. चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या चित्राने शंका फिटते. त्वचेच्या पेशींची गाठ ओळखण्यास डिफ्यूजन चित्र उपयोगी पडते. दोष एकाहून अधिक असू शकतात. म्हणून केवळ कंबर नव्हे, संपूर्ण कणा पाहावा. दुभंगलेल्या रज्जूमधील हाडाचा काटा पाहण्यास सी.टी. लागू शकते.

तपासणीत मूल निश्चल असावे लागते. तान्ह्या बाळास दूध पाजून, गुंडाळून, झोपेत तपासता येते. मोठ्यास भूल द्यावी लागते व त्यापूर्वी भूलतज्ज्ञ सांगतील तितके तास उपाशी ठेवावे लागते. वाळे, चांदीचा करगोटा, ताईत घरीच काढून ठेवावेत. काळ्या दोऱ्यातील बारीक धातूही विसरू नये.

२०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषांचा समावेश आहे. अंगणवाडी व शाळेत येणाऱ्या पथकास लिंबायत, उधना, डिंडोली येथील आपल्या मराठी पालकांनी बाळाची पाठ आवर्जून दाखवावी.