हजेरीपटात न मावलेले वर्ष

२०२०-२१ या शैक्षणिक वर्षाचा एक हजेरीपट माझ्याजवळ आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवत होतो. उद्या कुणी संशोधक त्या काळाकडे वळला, तर त्याला हा पट अस्सल साधन वाटेल. म्हणून त्यातली खोट मीच नोंदवून ठेवतो.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली. मेच्या आरंभी केंद्राने जाहीर केलेल्या यादीत वर्धा जिल्हा हिरव्या क्षेत्रात होता. तरी वर्ग उघडले नाहीत. वसतिगृहे रिकामी झाली. मेळघाटातला कोरकू मुलगा आणि नागपुरातल्या नोकरदाराचा मुलगा तिथे एकाच खोलीत राहत, एकच वाचनालय वापरत. घरी परतताच ही बरोबरी संपली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) इंटरनेटची सोय शहरी घरांपैकी ४२ टक्के, तर ग्रामीण घरांपैकी केवळ १४.९ टक्के घरांत आढळली होती. ग्रामीण भागात संगणक ४.४ टक्के घरांत होता.

पडद्यावर नाव दिसले नाही की मी ‘गैरहजर’ लिहीत असे. कारंजा तालुक्यातली एक विद्यार्थिनी नोव्हेंबरभर गैरहजर आहे. त्या महिन्यात ती दिवसा कापूस वेचत होती. घरातला एकुलता फोन रात्री वडील आले की तिच्या हाती येई. मग ती माझे ध्वनिमुद्रण ऐके आणि हाताने लिहिलेल्या टिपणांचे फोटो पाठवी. ती टिपणे वर्गात सर्वांत नेटकी होती. उलट, ज्यांची नावे रोज पडद्यावर दिसत, त्यांतल्या एकाने पुढे कबूल केले, “सर, मी लावून झोपत होतो.”

हे उमगल्यावर मी तासभराचे दृक्‌वर्ग कमी केले आणि पंधरा मिनिटांची ध्वनिमुद्रणे पाठवू लागलो. त्यांना डेटा कमी लागे. ती डाउनलोड करून रेंज नसलेल्या शेतातही ऐकता येत.

याच वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली होती. मातृभाषेतून आणि हस्तोद्योगातून शिक्षण, हा विचार तिथे मांडला गेला; पुढे झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. त्या विचारात घर, शेत, श्रम ही शिक्षणाची साधने होती. माझ्या हजेरीपटात तीच गैरहजेरीची कारणे ठरली.

२० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातली महाविद्यालये पुन्हा उघडू लागली. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. एका गावातले तिघे धुऱ्यावर बसून एकाच फोनवर तास ऐकत होते. पटात त्यांतला एकच हजर आहे.

जुन्या नोंदी खोडणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभत नाही. मी त्या तशाच ठेवल्या आणि उरलेल्या दोघांची, तसेच कापूस वेचणाऱ्या त्या मुलीची नावे लिहून एक कागद पटाला टाचला. पट वाचणाऱ्याने तो कागदही वाचावा.