ओके

ओके : होकार, मान्यता किंवा ‘ठीक आहे’ एवढे सांगणारा, अमेरिकेत जन्मलेला इंग्रजी शब्द. तो नाम, विशेषण, क्रियापद आणि उद्गार अशा सगळ्या जागी चालतो.

उगम : १८३०च्या दशकात बॉस्टनच्या पत्रकारांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे छापण्याची टूम होती. ‘ऑल राइट’साठी ‘ओ. डब्ल्यू.’ लिहीत. तसेच ‘ऑल करेक्ट’मधला ‘ऑल’ ‘ओ’ने आणि ‘करेक्ट’ ‘के’ने लिहून झाले ‘ओ. के.’ ते २३ मार्च १८३९च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापलेले सापडते. अशा बहुतेक कोट्या लवकरच विरल्या. ‘ओके’ तगला तो निवडणुकीमुळे. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहुक गावचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहुक’. १८४०मध्ये समर्थकांनी ‘ओ. के. क्लब’ काढले. विरोधकांनी उलट अशी आवई उठवली, की आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नव्हते आणि हा शेरा त्यांचाच. व्हॅन ब्युरेन पडले. शब्द मात्र देशभर झाला. पुढे तारायंत्रावर पोच देण्यासाठी तो फारच सोयीचा ठरला.

हा उलगडा भाषाअभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४मध्ये जुनी वृत्तपत्रे चाळून केला. त्याआधी ग्रीक, स्कॉटिश, पश्चिम आफ्रिकी अशा अनेक व्युत्पत्ती मांडल्या गेल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तर तो मूलनिवासी चोक्टॉ भाषेतला मानून ‘ओकेह’ असा लिहीत. या कथा रंजक आहेत, पण छापील पुराव्याचे पारडे बॉस्टनकडेच झुकते.

अर्थ : इंग्रजीत विशेषण म्हणून हा शब्द तसा कोमटच. सिनेमा ‘ओके’ होता म्हणजे बरा होता, पुन्हा पाहण्याजोगा नव्हे. मराठीत साहेबांचा ‘ओके’ येतो, शॉट ‘ओके’ होतो. आणि ‘क’वर जोर दिला की ‘एकदम ओक्के’ ही भरघोस दाद ठरते. जून २०२२मध्ये गुवाहाटीतल्या झाडी-डोंगरांची वाखाणणी करताना सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी वापरलेला ‘ओक्के’ याच जातीचा. तो महाराष्ट्रभर गाजला.

ट्रकांच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’मधला ‘ओके’ कुठून आला, याच्या कथा अनेक आहेत. खात्रीची एकही नाही. विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्रात २०१५मध्ये ही अक्षरे रंगवायला बंदी घालण्यात आली.