शिरगणतीत न सापडलेले पणजोबा

आपल्या आडनावाला ‘कर’ लागला की मूळ गाव विचारावे लागत नाही. किहीमकर किहीमचे, नवगावकर नवगावचे. पण गाव कळले म्हणून माणूस सापडतो असे नाही.

मला वाटे, इंग्रजांनी शिरगणती केली, तर पणजोबांचे नाव कुठेतरी असणारच. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी हिंदुस्थानात गणती झाली, तेव्हा घरोघरच्या माणसांचे वय, धर्म, धंदा सारे लिहून घेतले गेले. पण कोष्टके तयार झाल्यावर ते मूळ कागद जपले गेले नाहीत. उरले नुसते आकडे : यहुदी पुरुष इतके, स्त्रिया इतक्या. विलायतेत घरोघरची पत्रके शंभर वर्षांनी पाहायला मिळतात. १९२१ ची २०२२ साली खुली झाली. (१९३१ ची मात्र १९४२ च्या आगीत जळाली, म्हणजे तिकडेही सगळे आलबेल नाही.)

मग राहिली सिनेगॉगची दप्तरे, पलटणीचे पेन्शनचे कागद आणि कबरीवरचे दगड. तिथे नावांचा घोळ! मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी, हे सर्वांना ठाऊक आहे. साध्या जमादाराचे कोण सांगणार? माझे पणजोबा घरात हसाजी, पलटणीत इझिकेल आणि दगडावर हिब्रूत यहेज्केल. तीन वर्षे मी त्यांना तीन माणसे समजत होतो. शेवटी नव्वदी उलटलेल्या आत्याबाई हसून म्हणाल्या, “अरे वेड्या, ते सगळे आमचे आजोबाच की!”

पणजीचे त्याहून कठीण. सगळीकडे ती नुसती ‘हसाजीची बायको’. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बिनेटने लग्नाआधी आपल्या लोकांच्या आईकडच्या पिढ्या तपासण्याचा हुकूम काढला होता. ज्या बायकांचे माहेर कुणी लिहूनच ठेवले नाही, त्यांच्या आया-आज्या कुठून दाखवायच्या? १९६४ साली आपल्या लोकांनी यरुशलेमात धरणे धरले, आणि बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे क्नेसेटने जाहीर केले. तो प्रश्न मिटला. पणजीचे माहेर मात्र मला अजून सापडलेले नाही.

कतुब्यात नवरीच्या बापाचे नाव असते, एवढीच आता आशा. आत्याबाईंना आठवते की पणजी रेवदंड्याकडची होती. त्या बाजूचे जुने कतुबे कुणाच्या पेटीत असतील तर कृपा करून ते टाकू नका. एकदा उघडून वाचा, आणि ‘हसाजी’ दिसला तर मासिकाकडे कळवा.