वन्यजीव अभ्यास : रत्नागिरीतील विद्यार्थ्यांसाठी पहिली पायरी

वन्यजीवांचा अभ्यास म्हणजे ताडोबातील वाघ, असा समज शहरी विद्यार्थ्यांमध्ये रूढ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मात्र या विषयासाठी दूर जाण्याची गरज नाही. खाड्या, कांदळवने, जांभ्याचे सडे आणि सह्याद्रीची जंगले या एकाच जिल्ह्यात आहेत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा काही भागही याच जिल्ह्यात येतो.

वेळासचा धडा

२००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी किनाऱ्यावर फिरत होते. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या तेथे अंडी घालत. परंतु बरीचशी अंडी माणसे काढून नेत आणि उरलेली कुत्री व कोल्हे फस्त करीत. संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी संरक्षित करण्यास प्रारंभ केला. पुढे कासव महोत्सवामुळे पर्यटक येऊ लागले आणि त्यांच्या निवास-भोजनातून गावकऱ्यांना उत्पन्न मिळू लागले. संरक्षण टिकले ते लोकांचा सहभाग मिळाल्यामुळेच.

नोंदींचे महत्त्व

एका घरट्यात साधारणपणे शंभराच्या आसपास अंडी असतात. ती कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात हलविली जातात. घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या आणि सुमारे ४५ ते ६० दिवसांनी बाहेर आलेली पिल्ले यांची नोंद ठेवावी लागते. पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापल्यास माद्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे बदलत्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी या साध्या नोंदी मोलाच्या ठरतात.

कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीवाचून अंडी वा पिल्ले हाताळणे गुन्हा ठरतो. म्हणूनच विद्यार्थ्यांनी वन विभाग किंवा अधिकृत प्रकल्पासोबतच काम करावे.

सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे

महसुली दप्तरात सड्याची जमीन बहुधा पोटखराबा म्हणून नोंदलेली असते. पावसाळ्याच्या प्रारंभी मात्र याच सड्यांवर दीपकाडीची पांढरी फुले उमलतात. ही कोकणातील प्रदेशनिष्ठ वनस्पती आहे. सडा खाणीसाठी वा बांधकामासाठी गेला की तिचा अधिवासच संपतो. महाविद्यालयाजवळच्या एखाद्या सड्याची दर आठवड्याला पाहणी करून वनस्पती, कीटक व बेडूक यांची यादी करणे, हा पदवी वर्गातील विद्यार्थ्याला सहज करता येण्याजोगा प्रकल्प आहे.

शिक्षणाच्या वाटा

प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्रातील पदवी हा नेहमीचा मार्ग आहे. सागरी जीवनात रस असल्यास रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय, तर जंगलाची ओढ असल्यास दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्था (स्थापना १९८२) आणि बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही देशातील प्रमुख ठिकाणे होत. तेथे जागा मोजक्या असतात. पुढील नोकऱ्याही मर्यादित असून संशोधन प्रकल्पांतील नेमणुका बहुतांशी कंत्राटी असतात. राज्याच्या वनसेवेसाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. या क्षेत्राची निवड करताना ही बाजूही कुटुंबीयांशी मोकळेपणाने बोललेली बरी.

संख्याशास्त्र, नकाशावाचन आणि स्थानिक लोकांशी संवाद या तीन गोष्टी मात्र पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच आत्मसात करता येतात. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागर येथे अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांमधील हा दुवा उघड झाला तो कोणीतरी तो क्रमांक नीट टिपून ठेवला होता म्हणून.