जाहिरात न आलेली कामं

पोफळी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सुपारीची झाडं आठवतात. आम्हा चिपळूणकडच्या लोकांना आठवतं ते पॉवरहाऊस. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, डोंगराच्या पोटात बसलेलं. कोयना नदी मुळात पूर्वेकडे, कृष्णेला मिळायला निघालेली. तिला घाटावर अडवून, सह्याद्रीतून बोगदा काढून तिचं पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली आणलं, चक्रं फिरवली आणि पुढे ते वाशिष्ठीत सोडलं. ही कल्पना १९१० च्या सुमाराची. टाटांनी ती हातात घेतली, पण पैशाअभावी ती बारगळली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली काम सुरू झालं आणि १९६२ मध्ये पहिलं यंत्र फिरलं.

आज लिहायचंय ते विजेबद्दल नाही, नोकरीबद्दल. आमच्या घरात पगार नावाची गोष्ट या बोगद्यामुळे आली, आणि ती कुठल्याही जाहिरातीतून आली नाही.

आमचे आजोबा तेव्हा साहेब लोकांच्या कॅम्पात दूध घालायचे. शिक्षण सातवी. रोज वाटेत एक सर्वेवाले तिकाटण्यावर दुर्बीण लावून उभे असत. इतर लोक बघून पुढे जात. आजोबांनी एके दिवशी विचारलं, "साहेब, ह्यातून काय दिसतं?" साहेबांनी दाखवलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी विचारलं, ती आकड्यांची पट्टी उलटी का दिसते? तिसऱ्या दिवशी पट्टी धरणारा खलाशी आला नव्हता. पुढचं सांगायला नको. दुधाची किटली झाडाखाली ठेवून आजोबा पट्टी धरून उभे राहिले. मग रोजंदारी, मग वर्कचार्ज, आणि शेवटी पॉवरहाऊसमधली कायम नोकरी.

घरात ही गोष्ट "नशीब लागतं" म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. खलाशी न येणं हे नशीब खरं. पण त्या सकाळी साहेबांना नेमका कोण आठवला? ज्याने दोन दिवस प्रश्न विचारले तो. कुठल्याही कामाची गरज आधी निर्माण होते, जागा नंतर मंजूर होते, आणि जाहिरात सगळ्यात शेवटी येते, आली तर. विचारणारा माणूस गरज आणि जागा यांच्या मधल्या वेळात तिथे पोचलेला असतो.

आता कोणी म्हणेल, कोकणी माणसाला विचारायला काय शिकवता! आपला अख्खा जिल्हा विचारूनच मुंबईला गेला. बरोबर आहे. गिरण्यांमध्ये भरती व्हायची ती जॉबरच्या हातून. पहाटे गेटवर उभं राहायचं आणि जॉबरने बोट दाखवलं तर आत. गावचा कोणी आधीच तिथे असेल तर तो शब्द टाकायचा. गाववाल्यांच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण, आणि जॉबरच्या हातावर दस्तुरी. कित्येक घरं या वाटेने उभी राहिली. गावाकडे मनीऑर्डरी आल्या त्या याच ओळखीवर.

पण या वाटेला एक दुसरी बाजू आहे, आणि ती आपण गणपतीत जमल्यावर सांगत नाही. ओळखीने उघडणारं दार बिनओळखीच्या माणसाला बंदच असतं. गिरण्यांतल्या विणकामाच्या खात्यात पगार बरा होता, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावं लागे आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ! बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. त्या खात्याबाहेरच्या कामगाराने कितीही कुतूहल दाखवलं असतं, कितीही नम्रपणे विचारलं असतं, तरी काय उपयोग होता?

म्हणूनच १९५९ साली रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवण्याचा कायदा झाला, तो मला मोलाचा वाटतो. निदान जागा आहे हे तरी सगळ्यांना कळावं. मात्र त्यात मालकावर जागा कळवण्याचं बंधन होतं, एक्स्चेंजकडूनच माणूस घेण्याचं नव्हतं. नाव नोंदवून वर्षानुवर्षं "कॉल"ची वाट बघणारे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत.

मग विचारण्यात अर्थ आहे की नाही? मला इथे दादासाहेब फाळके आठवतात. १९१२ साली ते सिनेमाचं तंत्र शिकायला लंडनला गेले. "बायोस्कोप" साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. त्या कचेरीची पाटी दिसली आणि ते थेट आत गेले. संपादक कॅबोर्न यांनी आधी सांगितलं, या धंद्यात पडू नका. पण या माणसाची तळमळ बघून त्यांनी त्याची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली आणि हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ आतून दाखवला. लक्षात घ्या, फाळके नोकरी मागत नव्हते. ते काम कसं चालतं हे विचारत होते, आणि तेही फोटोग्राफी आणि छपाईत हात काळे करून झाल्यावर. एक एप्रिलला ते मुंबईत परत आले आणि पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, "राजा हरिश्चंद्र" लागला.

गंमत म्हणजे याच सिनेमासाठी फाळक्यांनी जाहिराती दिल्या होत्या. त्यातून तारामती काही मिळाली नाही. ती मिळाली ग्रँट रोडच्या एका हॉटेलात, स्वयंपाकी अण्णा साळुंके यांच्या रूपाने. फाळक्यांनी तिथे जाऊन विचारलं. साळुंके पुढे "लंका दहन"मध्ये राम आणि सीता दोघंही झाले, आणि नंतर तर कॅमेऱ्यामागे जाऊन छायाचित्रणही करू लागले. स्वयंपाकघरातून कॅमेऱ्यापर्यंत! ही जागा कुठल्या पेपरात छापून आली असती?

मला यात दिसतं ते असं. जॉबरच्या गेटवरचा प्रश्न "मला घेता का?" हा होता, आणि त्याचं उत्तर माणसाच्या गावावरून, जातीवरून, खिशावरून ठरत होतं. आजोबांचा आणि फाळक्यांचा प्रश्न "हे कसं चालतं?" हा होता. याचं उत्तर द्यायला समोरच्याला ओळख लागत नाही, थोडा वेळ लागतो. पण तो वेळ देणारा भेटावा लागतो. कॅबोर्न यांनी पहिल्या सल्ल्यावरच बोळवण केली असती, किंवा सर्वेवाल्या साहेबांनी दूधवाल्याला दुर्बिणीला हात लावू दिला नसता, तर यांचं कुतूहल तसंच राहिलं असतं.

म्हणून तरुण मुलांना "विचारा, विचारा" असं सांगणाऱ्या लेखांचा मला जरा कंटाळा येतो. मुलं विचारतात हो. माझं मागणं आहे ते आपल्यासारख्यांकडे, जे आता पुण्यात, मुंबईत, परदेशात कुठल्या ना कुठल्या कचेरीच्या आत बसलोय. नात्यातला, गावातला विचारतो तेव्हा आपण सांगतोच. पण ना नात्यातला, ना गावातला, ना जातीतला असा कोणी मुलगा किंवा मुलगी "तुम्ही नक्की काय काम करता?" असं विचारेल, तेव्हा "बायोडाटा पाठव" म्हणून फोन ठेवू नका. अर्धा तास काढा आणि काम दाखवा.

असो. कोणाच्या घरी अशी बिनजाहिरातीच्या नोकरीची गोष्ट असेल तर जरूर कळवा. आणि त्या गोष्टीत दार उघडणारा कोण होता, तेही आठवून लिहा. आमच्या त्या सर्वेवाल्या साहेबांचं नाव घरात कोणालाच आठवत नाही.